रात्रभर ठेवायचं असतं

आमच्या उपसागरावर आडनाव विचारून माणूस सापडत नाही. अर्ध्या किनाऱ्याचं आडनाव एकच आहे. माणूस ओळखायचा तो बापाच्या आणि आज्याच्या नावावरून. मी लुईच्या झोझेफचा फिर्मँ. ती पियेरच्या तेओची ओझीत. ती गेली तेव्हा चर्चच्या दारावर लावलेल्या कागदावर तिचं नाव आडनावासकट छापलं होतं, आणि दोन बायका माझ्यासमोरच एकमेकींना विचारत होत्या, "ही गं कोण?"

"तेओची," मी म्हणालो.

"अगं बाई, ती बाटल्यांवाली!" एक म्हणाली.

ती बाटल्यांवाली कशी झाली ते मी पाहिलं आहे. प्रयोगशाळेत तिच्या भिंतीपलीकडच्या खोलीत माझं काम होतं.

ती लहान असताना आई गेली, बाप समुद्रावर. धाकट्या आन्सेल्मला तिनेच वाढवलं. त्याचं नाक पुसलं, त्याला शाळेत ओढत नेलं, त्याच्यासाठी बटाटे किसून किसून तिच्या बोटांची टोकं कायमची खरखरीत झाली. तिने लग्न केलं नाही. एकाने विचारलं होतं म्हणतात, पण तेव्हा आन्सेल्मला गोवर आला होता. हे ती स्वतः हसत सांगायची. गोवर काही वर्षभर टिकत नाही हे तिला कोणी सुचवलं नाही.

आन्सेल्म मोठा झाला आणि त्याने मिंक पाळायला घेतले. तेव्हा सगळेच घेत होते. मासे कमी झाले होते, पण माशांची डोकी आणि आतडी धक्क्यावर फुकट पडलेली असत आणि मिंकला तेच लागतं. हातभर लांबीचा, चावरा, घाण वासाचा प्राणी. थंडीत त्याचे केस दाट झाले की मारायचा, आणि कातडं दूर न्यूयॉर्कला कोणाच्या तरी खांद्यावर जायचं. आमच्याकडे राहायचा तो वास. चर्चमध्ये धूप जाळला तरी तो जात नसे.

मग आतड्याचा रोग आला. पिल्लू खाणं सोडतं, पिंजऱ्याखाली राखाडी, बुळबुळीत घाण पडायला लागते, आणि पुढच्या फेरीला ते जाळीला नाक लावून मेलेलं असतं. पाळणाऱ्यांच्या संघटनेने धक्क्याजवळच्या बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात प्रयोगशाळा काढली आणि ट्रूरो शहरातून एक जनावरांचा डॉक्टर आणला, डॉक्टर प्रिंगल. उंच, सभ्य माणूस. आमची फ्रेंच बोलायचा ती अनवाणी खडकांवरून चालल्यासारखी. त्याने मला निरोगी पिल्लं सांभाळायला ठेवलं. लस टोचून बघायची ती याच पिल्लांवर. आणि ओझीतला ठेवलं विषाणू गोळा करायला.

काम सांगायला सोपं होतं. मेलेल्या मिंकची आतडी आणि प्लीहा दळून त्याचा काढा करायचा. त्यातला गाळ बसवून टाकायचा. मग एक जड, वासाचा द्रव घालून घुसळायचं, म्हणजे चरबी त्यात निघून जाते. जे स्वच्छ पाणी उरतं त्यात विषाणू असतो, पण बादलीत मिठाचे चार खडे टाकावेत इतका विरळ. तो दाट करायचा. त्यासाठी नळीत खाली साखरेचा पाक, चहात घालतो त्याच साखरेचा, आणि त्यावर ते पाणी अलगद सोडायचं. नळ्या समोरासमोर तोलून यंत्रात लावायच्या. यंत्र कपडे धुण्याच्या यंत्राएवढं, पण लोखंडी आणि पाचपट जड. ओझीत त्याला 'जाडी' म्हणायची. जाडी आतली हवा ओढून घ्यायची आणि फिरायला लागायची. दुपारी तिच्या आवाजाने माझी पिल्लं पेंगायची. हलकी घाण पाकावर अडकून राहायची आणि विषाणू तेवढा पाकातून खाली बसायचा.

पहिल्यांदा मला तिने तो दाखवला तेव्हा मला काही दिसलंच नाही.

"तिरकी धर," ती म्हणाली. "खिडकीकडे. आता तळाशी बघ."

तळाशी, बाहेरच्या अंगाला, डिंकाचा थेंब चिकटून सुकावा तसं काहीतरी होतं. काचेहून जरा निळसर.

"एवढंच?"

"एवढ्यात सगळा किनारा मरेल," ती म्हणाली आणि नळी माझ्या हातातून काढून घेतली.

तो थेंब लगेच हलवायचा नसतो. त्यावर थोडं खारं पाणी घालून, झाकून, थंड खोलीत रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत तो आपणहून सैल होतो, आणि मग काचेच्या नळीने हळूहळू वरखाली ओढून तो पाण्यात मिसळायचा. 'झोपू द्यायचं' म्हणायचे त्याला सगळे, डॉक्टरसुद्धा. घाई केली तर त्याच्या गुठळ्या राहतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. नंतर त्यात फॉर्मालिन घालून विषाणू मारतात आणि मेलेला विषाणू म्हणजेच लस. पण फॉर्मालिन गुठळीच्या बाहेरच्यांना मारतं. आतले जिवंत राहतात, पांघरुणात लपलेल्या पोरांसारखे. डॉक्टरने हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. फॉर्मालिन तो स्वतःच्या हातानेच घालायचा आणि त्याआधी प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारायचा. "झोपलं?" ओझीत म्हणायची, "झोपलं." चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणावं तसं.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला एव्हारिस्तच्या शेडमध्ये रोग आला. एव्हारिस्तची शेडं आन्सेल्मच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. आन्सेल्म रोज प्रयोगशाळेत येऊन उभा राहायचा. त्याच्या बुटांना चुन्याची पांढरी कड असायची. सगळीकडे चुना टाकत सुटला होता तो.

"म्हातारे, किती वेळ गं तुझा?" तो बहिणीला म्हणायचा.

"जाडीला विचार. आणि बूट बाहेर काढ."

"समुद्रपक्षी एव्हारिस्तकडे खातात आणि माझ्या छपरावर येऊन बसतात. मी काय करू? बंदूक घेऊन बसू?"

"बस. तेवढंच घरी थांबशील. बायकोला बरं वाटेल."

तो हसायचा, पण त्याचा चेहरा पिवळा पडत चालला होता. एकदा तो गेल्यावर ती मला म्हणाली, "लहानपणी वादळ आलं की असाच चेहरा करायचा. मी सांगायचे, येणार नाही आपल्याकडे. आणि यायचं नाही." थोडं थांबून म्हणाली, "काही वेळा यायचं."

नेमका तेव्हाच जाडीचा हवा ओढणारा पंप बिघडला. तेल गळत होतं. धक्क्यावरच्या बोटीवाल्या मेकॅनिकने तो दुरुस्त केला तोवर शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी जाडी फिरली, दुपारी थांबली. त्या संध्याकाळी डॉक्टर हॅलिफॅक्सला निघणार होता, सरकारी बैठकीला, आणि तिथून आजारी आईकडे. आठवड्याहून जास्त काळ येणार नव्हता. शनिवारी फॉर्मालिन पडलं नाही तर मग तो परत येईपर्यंत नाही.

पंप शुक्रवारीच सुरू झाला असं डॉक्टरला वाटत होतं. तो दोन दिवस लोकांच्या शेडांमधून फिरत होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

थेंब रात्रभर न ठेवता तिने कसा सोडवला ते मला नंतर तिनेच सांगितलं. तिने नळ्यांत कोमट पाणी घातलं, सिरिंजला सुई लावली आणि थेंब जोराने ओढून सोडून, ओढून सोडून फोडला. पाणी ढगाळ झालं, मग स्वच्छ दिसायला लागलं. बारीक गाळणीतून घालायला गेली तर गाळणी तुंबली. नेहमी तुंबत नसे. तिने जाड गाळणी घेतली.

डॉक्टर बॅग घेऊन, कोट घालूनच आत आला. हात धुतले. फॉर्मालिनची बाटली उघडली. त्या वासाने भिंतीपलीकडे माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं.

"झोपलं?"

"झोपलं," ओझीत म्हणाली.

तो परत आल्यावर माझ्या पिल्लांना ती लस टोचली. मी त्यांना रोज बघत होतो. खात होती, भांडत होती, माझं बोट चावत होती. एकही आजारी पडलं नाही. डॉक्टरने बाटल्या भरायला सांगितल्या. संघटनेने ठरवलं, रोगाच्या सर्वांत जवळ आन्सेल्म आहे, पहिल्या बाटल्या त्याला. बाकीच्या त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी, मासनंतर, चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना.

आन्सेल्म बाटल्या न्यायला आला तेव्हा बूट बाहेर काढून आला. त्यावर आम्ही किती हसलो.

"काय म्हातारे, झोपलं का तुझं बाळ नीट?"

"झोपलं," ती म्हणाली. "जा आता. ऊन लागू देऊ नकोस बाटल्यांना."

दुसरा आठवडा लागला आणि त्याच्या पिल्लांनी खाणं सोडलं.

डॉक्टर जाऊन आला. म्हणाला, पक्ष्यांनी आणलं, लस अंगात मुरायच्या आधीच रोग आला, थोडा उशीरच झाला आपल्याला. सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. एव्हारिस्त तर समोरच होता. मात्र ओझीत संध्याकाळी भावाकडे जाऊन शेडमधून चालत आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"फिर्मँ, पक्ष्यांनी आणलं तर कुठून सुरू होईल?"

"रस्त्याच्या टोकाकडून. मग पिंजऱ्यामागून पिंजरा."

"आन्सेल्मकडे एकाच दिवशी तीन ठिकाणी सुरू झालं. एक मधल्या शेडमध्ये, एक मागच्या टोकाला, एक विहिरीजवळ. आजूबाजूची ठणठणीत. जणू कोणीतरी पिशवीत हात घालून तिघांना वाटलं."

मी हातातली माशांची बादली खाली ठेवली. मग तिने मला शनिवारचं सगळं सांगितलं, खाली बघत, हात ॲप्रनला पुसत. हात कोरडेच होते.

"माझी पिल्लं बरी राहिली ना पण," मी म्हणालो.

"तुझी मूठभर पिल्लं. त्यांच्या वाट्याला गुठळी आली नसेल. बादलीतून चार चमचे चाखले आणि खडा लागला नाही, म्हणून बादलीत खडा नाही असं होतं का?"

"डॉक्टरला सांग."

"सांगीन. आधी मला कळू दे." ती वळली, आणि परत फिरली. "तुला कळतंय ना, मला काय वाटतंय ते? मला वाटतंय खडा नसावा. अजून तसंच वाटतंय."

तिने आन्सेल्मकडून उरलेल्या अर्ध्या बाटल्या आणल्या होत्या. त्यात थंड खोलीतल्या त्याच घाण्याच्या आणखी काही मिसळल्या. सगळं पुन्हा पाकावर घातलं, नळ्या तोलल्या, जाडी फिरवली. फॉर्मालिन वरच्या पाण्यात राहिलं, आणि एवढ्या बाटल्यांमध्ये जे काही पसरलं होतं, मेलेलं आणि न मेलेलं, ते सगळं तळाशी एका थेंबात आलं. या वेळी तिने तो रात्रभर ठेवला. मग दुसरी रात्रही ठेवला. मग तो माझ्या दोन पिल्लांना दिला. मी त्यांना बाकीच्यांपासून दूर, जुन्या बर्फाच्या खोलीत ठेवलं.

ती रोज यायची. पिंजऱ्यासमोर उकिडवी बसायची. पिल्लं खात असली की तिचा श्वास सुटायचा, मला ऐकू यायचा. त्यातल्या एकाच्या कानाला चीर होती. ते तिला ओळखायला लागलं होतं, जाळीला पंजे लावायचं. एकीकडे आन्सेल्मची शेडं रिकामी होत चालली होती, तो मेलेली पिल्लं ढकलगाडीतून चुन्याच्या खड्ड्याकडे नेत होता, आणि ही इथे दोन पिल्लांना मासे चारत होती.

शनिवारी सकाळी कानाला चीर असलेल्याने मासा तसाच ठेवला. दुपारी जाळीखाली राखाडी घाण पडली. संध्याकाळी दुसऱ्यानेही खाणं सोडलं.

तिने न खाल्लेले मासे उचलून बादलीत टाकले. मग म्हणाली, "उद्या हॉलमध्ये देणार आहेत."

"आत्ता डॉक्टरच्या घरी जाऊ या. तो कुलूप घालेल."

"डॉक्टर घालेल. संघटना उघडायला लावेल. अरे, ज्याच्या शेजारचं शेड रोगाने रिकामं झालंय त्या माणसासमोर बाटली ठेव, आणि त्याला सांग की यात थोडा रोग आहे, घेऊ नको. बघ काय करतो ते. मी काय केलं ते बघितलंस ना?"

रविवारी सकाळी, मासची घंटा व्हायच्या आत, तिने थंड खोलीतल्या सगळ्या बाटल्या वाफेच्या पिंपात रचल्या आणि पिंप बंद केलं. दाबाचा काटा चढला तसा काचा तडकल्याचा आवाज आला. ती तिथून हलली नाही. नंतर तिने डोक्याला रुमाल बांधला आणि आम्ही दोघं चर्चला गेलो. ती कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पुढे गेली नाही; मनावर पाप असताना तो घेत नाहीत. बायकांनी ते पाहिलं.

हॉलमध्ये माणसं थर्मास, बर्फाचे डबे, टोपल्या घेऊन बसली होती. कोणीतरी कॉफी केली होती. ओझीत टेबलाजवळ जाऊन उभी राहिली.

"बाटल्या कुठे आहेत तेओच्या पोरी?" संघटनेचा अध्यक्ष म्हणाला.

"नाहीत. मी उकळून टाकल्या." आणि मग तिने सांगितलं. पंप, शनिवार, सुई, जाड गाळणी. आवाज न चढवता, कृती सांगावी तसं.

आधी कोणाला समजलंच नाही. मग एव्हारिस्त उठला. "म्हणजे भावाला द्यायची होती तेव्हा बाटली चांगली होती. आता आमची पाळी आली तर वाईट झाली होय?"

"भावाला दिली म्हणूनच कळलं."

"उकळायच्या आधी आम्हाला विचारायचं होतंस!" मागून कोणीतरी ओरडलं. "मी घेतली असती! थोडी पिल्लं गेली असती, थोडी राहिली असती. आता काय राहील?"

त्यावर बऱ्याच जणांनी माना हलवल्या. ती म्हणाली होती तसंच झालं.

डॉक्टर प्रिंगल उभा राहिला. खडकांवरून चालल्यासारखा, एकेक शब्द ठेवत, तो म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"झोपलं का, असं विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही हो म्हणालात."

"हो."

तो खाली बसला. आन्सेल्म दाराजवळ उभा होता, टोपी हातात घेऊन. मी त्याच्याकडे बघत होतो. न लागणाऱ्या अक्षराकडे बघावं तसा तो बहिणीकडे बघत होता. मग त्याने टोपी घातली आणि बाहेर गेला. दार हळूच ओढून घेतलं त्याने.

त्या उन्हाळ्यात रोग पक्ष्यांबरोबर सगळ्या किनाऱ्यावर गेला. माझ्या खोलीपर्यंत वास येत होता. वर्षभरानंतर एकदा डॉक्टर मला म्हणाला की त्या बाटल्यांमधलं बहुतेक मेलेलंच होतं. हिशेब मांडला तर, त्या वाटल्या असत्या तर जितकी पिल्लं मेली त्याहून कदाचित कमी मेली असती. कदाचित नाही. त्याने हे तिला सांगितलं नाही, आणि तिला सांगू नकोस असंही मला म्हणाला नाही. मी सांगितलं नाही.

तिला कामावरून काढलं नाही. "आता ती कधीच घाई करणार नाही," डॉक्टर संघटनेला म्हणाला. शिवाय जाडीला हात लावायला दुसरं कोणी तयार नव्हतं. हिवाळाभर ती यायची, नळ्या धुवायची, जायची. दर आठवड्याला बटाटे किसून टोपात भाजायची आणि तो टोप भावाच्या पायरीवर ठेवायची. टोप आत जायचा आणि रिकामा होऊन पायरीवर यायचा, धुतलेला. दार उघडायचं नाही.

पुढच्या जूनमध्ये तिने नवी लस केली. थेंब दोन रात्री ठेवला, बारीक गाळणीतून घातला. मी दुप्पट पिल्लांवर ती बघितली, आणि डॉक्टरने ती पाकावर दाट करूनही बघितली. वाटायचं काम हॉलमध्येच होतं. माणसं रांगेत आली, बाटली घेऊन गेली, तिच्याशी बोलली नाहीत. पण घेतली सगळ्यांनी.

शेवटी आन्सेल्म आला. त्याने पुन्हा थोड्या माद्या आणल्या होत्या. पोक आलं होतं त्याला. त्याने बाटली उचलली, खिडकीकडे तिरकी धरली, तळाशी बघितलं. हे त्याला तिनेच कधीतरी शिकवलं असणार.

"झोपलं?" त्याने विचारलं. वर्षभरातला त्याचा तिच्याशी पहिला शब्द.

"झोपलं, आन्सेल्म."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

त्याने बाटली टेबलावर ठेवली, इतक्या अलगद की काच वाजलीसुद्धा नाही, आणि तो गेला.

त्या वर्षी किनाऱ्यावर कुठेच रोग आला नाही. आन्सेल्मची लस न टोचलेली पिल्लंही सगळी जगली. बाटली चांगली होती की नव्हती, हे त्याला कळायचा रस्ताच उरला नाही. ओझीतने ती बाटली परत थंड खोलीत नेऊन ठेवली. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा खोली रिकामी करायला मी गेलो होतो. बाटली तिथेच होती, खालच्या फळीवर, मागे, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट: आन्सेल्म, तेओचा.